पट्टीवरचं नाव

रत्नप्रभाने काउंटरवरच्या ढिगातून एक कोरं ब्रेसलेट उचललं आणि हर्षदच्या पुढ्यात सरकवलं.

"ह्याच्यावर एक नाव घाल. धोंडू."

साकीनाक्याच्या त्या गाळ्यात हर्षद दुकानांच्या पाट्या, ट्रॉफ्या, किल्ल्यांचे बिल्ले असं काय येईल ते कोरून द्यायचा. त्याने ब्रेसलेट मशीनखाली धरलं आणि थांबला.

"फक्त धोंडू? बाकीच्यांवर आडनाव आहे, नंबर आहे, ब्लड ग्रुप आहे."

"नको. एवढंच."

"मागे मोबाइल नंबर टाकू का काकी? हरवला तर कोणीतरी फोन करून आणून देतं."

"कोण हरवला तर?"

"कुत्रा. कुत्र्याच्याच पट्ट्याला लावायचंय ना?"

"मुलाचं आहे," रत्नप्रभा म्हणाली.

हर्षदने मान खाली घातली आणि मशीनचं झाकण लावलं. रत्नप्रभाला त्याचा राग आला नाही. उलट बरंच वाटलं. ऐकणाऱ्याला कुत्र्याचं वाटावं इतकं हे नाव हलकं होतं, म्हणजे ते अजून कामाचं होतं.

बाकीची ब्रेसलेटं सुयोगने सांगितलेली. सुयोग तिचा धाकटा, फौजेत नाईक. सुट्टीवर निघताना पलटणीतल्या पोरांनी त्याला गळ घातली होती, मुंबईला चाललाच आहेस तर स्टीलची चांगली ब्रेसलेटं करून आण, छावणीबाहेरच्या बाजारातल्यांचं पॉलिश दोन पावसांत उडतं. सरकार गळ्यात घालायला बिल्ला देतंच. पण तो पडला सरकारी. हे हौसेचं, स्वतःच्या खिशातलं. बोटभर लांबीची पट्टी, दोन्ही बाजूंना साखळी, पट्टीवर नाव, नंबर आणि रक्तगट.

"गळ्यात बिल्लो आसा मां? मगे ह्या कित्याक?" तिच्या नवऱ्याने, बाळाने, आदल्या संध्याकाळी चहा पिताना विचारलं होतं.

"शौक, बाबा. आणि कसंय, एखाद्या वेळी ओळखताच आलं नाही तर..."

सुयोगने वाक्य तिथेच टाकलं आणि चहात खारी बुडवली. ती जास्त वेळ बुडली आणि तुटली. मग तो चमच्याने तिचा लगदा काढत बसला आणि बाळा उगाचच खिडकीतून असल्फ्याच्या मेट्रोकडे बघत राहिला.

पुढचं वाक्य रत्नप्रभाला कोणी सांगायची गरज नव्हती. रात्रभर ते तिच्या उशाशी होतं.

थोरल्या मुलीच्या, मानसीच्या पाठीवर झालेला मुलगा बारशाआधीच गेला. त्याच्या पाठचा बारसं होऊन आठवडा होतो न होतो तोच. सुयोग झाला तेव्हा सासू, द्रौपदी, कणकवलीकडच्या गावाहून तडक मुंबईत आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने फर्मान काढलं, "खरा नाव घरात कोणी घेवचा नाय. धोंडो म्हणा. धोंडो कोण उचलून नेता?" तेव्हापासून शाळेत घालेपर्यंत तो धोंडू होता. मग गावी जाऊन देवाचा नवस फेडला आणि धोंडूचा सुयोग झाला. पण द्रौपदीची भीती काही पूर्ण गेली नाही. यमाला चेहरे कळत नाहीत, तो नाव विचारत येतो आणि ज्याच्या अंगावर ते नाव सापडेल त्याला उचलतो, असं ती मरेपर्यंत सांगायची. जत्रेत सुयोगने हातावर नाव गोंदवून घ्यायचा हट्ट धरला, तेव्हा म्हातारीने त्याला सगळ्यांदेखत धपाटा घातला होता.

आणि आता तोच पोरगा स्टीलवर नाव कोरून, मनगटात घालून, नेमका तिथे चालला होता जिथे विचारणाऱ्याची ये-जा जास्त. रत्नप्रभा बारावी शिकलेली बाई. यम रेड्यावर बसून येत नाही हे तिला कळत होतं. पण दोन पोरं गेलेल्या बाईला कळणं वेगळं आणि वळणं वेगळं.

"झालं," हर्षद म्हणाला. फडक्याने पुसून त्याने पट्टी उजेडात धरली. सुबक, ठसठशीत अक्षरात धोंडू. रत्नप्रभाने ते ब्रेसलेट बाकीच्यांत न टाकता रुमालात बांधलं आणि कमरेला खोचलं.

संध्याकाळी सुयोगने सगळी ब्रेसलेटं दिवाणावर पसरली आणि एकेक तपासायला घेतलं. मानसी मरोळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. ती आल्या आल्या पर्स खांद्यावर तशीच ठेवून दिवाणापाशी उभी राहिली.

"ब्लड ग्रुप विचारून टाकलेत ना रे सगळ्यांचे? नाहीतर अंदाजपंचे."

"सगळ्यांचे रिपोर्ट बघून टाकलेत, मॅडम. हा बघ, दीवान सिंग. पिथौरागढचा. माझ्या बाजूचा बेड. असा घोरतो की खेचरं पण झोपत नाहीत."

"आणि तुझं?"

"हे काय. बी निगेटिव्ह. झकास ना?"

त्याने स्वतःचं ब्रेसलेट मनगटाला लावून बघितलं, पण घातलं नाही. दाढीच्या सामानाच्या छोट्या पाऊचमध्ये टाकलं. वर डोंगरात पोचलो की सगळे एकदमच घालणार, म्हणाला. मग टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला गेला.

मानसी कपडे बदलायला आत गेली होती. बाळा खाली दूध आणायला. न्हाणीघरात बादलीत पाणी पडायला लागलं, तशी रत्नप्रभा उठली. पाऊचची चेन ओढताना तिला वाटलं, एवढा आवाज सात मजले ऐकू गेला असणार. तिने सुयोगचं ब्रेसलेट काढलं, रुमालातलं आत टाकलं, चेन लावली. काढलेलं कुठे ठेवावं ते सुचेना. शेवटी देव्हाऱ्यात गणपतीच्या पाटावर अंथरलेलं लाल कापड उचललं आणि त्याच्याखाली सरकवलं. मग ओट्याकडे वळून तिने लगेच कणीक मळायला घेतली.

सकाळी तिने त्याच्या हातावर दही घातलं. टॅक्सी वळणावर गेली तेव्हा खिडकीतून हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवसापासून तिने त्याचं नाव घेतलं नाही. 'तो', 'मानसीचा भाऊ', 'आपला फौजी', असं काहीबाही म्हणून वेळ मारून न्यायची. बाळाच्या ते लक्षात आलं. पण बायकोच्या प्रत्येक खोडीचं कारण विचारत बसलं तर माणसाला दुसरं काही करताच यायचं नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

सुयोग पोचला. फोन केला. थंडीबद्दल बोलला, खाण्याबद्दल बोलला, पोरांना ब्रेसलेटं फार आवडली म्हणाला. रत्नप्रभा कानाला फोन लावून पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. ते आलं नाही. पुढच्या फोनलाही आलं नाही. बघितलं नसेल का त्याने? की बघून रागावला, फेकून दिलं? विचारायची तिची हिंमत झाली नाही. चोराच्या मनात चांदणं, तशी ती त्याच्या साध्या 'बरं आई, ठेवतो'मध्येही काहीतरी शोधत बसायची.

मग त्याची तुकडी वरच्या चौकीवर गेली आणि थोड्याच दिवसांत सीमेवर गोळीबार सुरू झाला. टीव्हीवर नकाशे आले, नकाशांवर लाल बाण आले, आणि कधी बंदूकही न बघितलेली माणसं ओरडून लढाई समजावून सांगायला लागली. सुयोगचा फोन बंद झाला. रत्नप्रभा टीव्ही लावायची, घाबरून बंद करायची, आणि बंद केला की काहीतरी सुटेल म्हणून पुन्हा लावायची. जेवण सगळ्यांचंच कमी झालं.

संकष्टीला मानसी देव्हारा पुसायला बसली. लाल कापड उचललं आणि तिचा हात थांबला.

"आई. हे इथे काय करतंय?"

रत्नप्रभा मोदकाची उकड काढत होती. तिने मागे वळून बघितलं नाही.

"आई, मी तुला विचारतेय. हे त्याचं ब्रेसलेट आहे. मग त्याच्या हातात काय आहे?"

"दुसरं आहे. धोंडू लिहिलेलं."

"धोंडू?" मानसी उभी राहिली. "आणि नंबर? ब्लड ग्रुप?"

उकडीतली वाफ रत्नप्रभाच्या तोंडावर आली. नाव काढलं की नावाबरोबर बाकीचंही जातं, हे हर्षदने टोकलं तरी तिला तोवर खरोखरच सुचलं नव्हतं. तिच्या डोक्यात ती पट्टी म्हणजे फक्त नाव होतं.

"बोल ना! आई, बी निगेटिव्ह आहे तो. दहा ठिकाणी फोन करावे लागतात तेव्हा कुठे एक पिशवी मिळते. रक्तगटाने यम येत नाही गं, रक्तगटाने रक्त मिळतं! काय केलंस तू हे?"

"गळ्यात बिल्लो आसा त्याच्या," बाळा दारातून म्हणाला.

"आंघोळीला काढून ठेवतात, बाबा. तोच सांगत होता, हसत हसत. आणि तिथे काही झालं तर कोण गळा बघेल, कोण हात बघेल, सांगता येतं का?"

"तू गप रव आता."

मानसी गप्प झाली, पण रडायला लागली, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. त्या दिवशी मोदक झाले, नैवेद्य दाखवला गेला, चंद्रोदयानंतर सगळे ताटावर बसले. रत्नप्रभाने एक मोदक फोडला आणि तसाच ठेवला.

आधी तिला एकच भीती होती. आता दोन झाल्या आणि दोघी एकमेकींशी भांडायला लागल्या. धोंडू हातात आहे म्हणून तो वाचेल, असं ती एका क्षणी स्वतःला बजावायची. दुसऱ्या क्षणी तिला दिसायचं, कुठल्यातरी तंबूत कोणीतरी त्याचं मनगट उलटंसुलटं करून बघतंय, धोंडू वाचतंय आणि कपाळावर आठ्या घालतंय. भाजी निवडताना, भांडी विसळताना ती ओठातल्या ओठात बी निगेटिव्ह, बी निगेटिव्ह म्हणत राहायची. जणू इथून म्हटलेलं तिथे कोणाच्या तरी कानावर पडेल. आणि आपणच आपल्या हाताने पोराची वाट लावली, हे तिच्या मनातून काही केल्या जाईना.

एक वाक्य तिने पाठ केलं होतं, नको असताना. फोन येईल. अनोळखी नंबर असेल. हिंदीत बोलणारा पुरुषाचा आवाज असेल आणि तो विचारेल, "सुयोग बाळा पाताडे के घर से?" या वाक्याच्या पुढे तिची मजल जात नव्हती.

फोन आला तो दुपारी. बाळा पेपर तोंडावर घेऊन पडला होता, मानसी कामाला गेली होती. रत्नप्रभा वाल सोलत होती. अनोळखी नंबर. तिने बोटं पदराला पुसली, पण हिरवं बटण ओढायला बोट सरकेना. बाळाने पेपर बाजूला केला आणि उठून बसला. शेवटी तिने फोन कानाला लावला.

"हेलो?" हिंदीत बोलणारा पुरुषाचा आवाज. मागे चाकांचा खडखडाट, कोणाच्या तरी चपला. इस्पितळ. "हेलो, धोंडू की माताजी बोल रही हैं?"

रत्नप्रभाच्या मांडीवरची परात कलंडली. वाल फरशीभर पसरले.

"माताजी? धोंडू का ही घर है ना?"

ती भिंतीला टेकली. वाईट बातमी या नावाने आली नसती. ती पूर्ण नावाने आली असती, नंबरासकट, सरकारी आवाजात. धोंडू म्हणणारा माणूस त्याच्या पंक्तीला जेवलेला असणार, त्याच्या बाजूला झोपलेला असणार.

"हां," ती म्हणाली. "मैं उसका आई. वो कैसा है?"

"एकदम ठीक है, माताजी. मैं दीवान. ऊपर नेटवर्क नहीं है, तो उसने बोला था नीचे पहुँचते ही घर पे बता देना। कल तक तो मैं दवा की नींद में था, इसलिए देर हो गई। माफ करना।"

रत्नप्रभाने बाळाकडे बघून मान हलवली. बाळा पेपराची घडी घालायला लागला. उलटी घडी पडली, तरी घालत राहिला.

"तुमको क्या हुआ, बेटा?"

"पैर में लगा है। बच गया। खून बहुत गया था।" दीवान म्हणाला. "धोंडू ने नीचे भेजते टाइम अपना कड़ा मेरे हाथ में डाल दिया। बोला, मेरी माँ ने चोरी से बैग में रखा है, दादी बोलती थी पत्थर को कोई नहीं उठाता। अब तू पत्थर है, जा। इधर सिस्टर लोग हँसते हैं, एक हाथ में दीवान, एक हाथ में धोंडू।"

म्हणजे त्याने बघितलं होतं. पहिल्याच दिवशी बघितलं असणार. आणि घातलं होतं, नाव सांगितलं होतं, कारणसुद्धा सांगितलं होतं, आणि पोरं त्याला त्याच नावाने हाका मारत होती. रत्नप्रभाचे डोळे भरून आले. पण विचारायचं होतं ते राहिलंच होतं.

"और उसका ब्लड ग्रुप? वो तो लिखा नहीं था उसमें..."

"वो तो सबका जूते पे लिखा रहता है, माताजी। टेंशन मत लो।"

बुटावर. एवढे दिवस तिने जीव टांगणीला लावला होता, आणि ते बुटावर लिहिलेलं होतं. तिला हसू आलं, पण अर्धवटच. कारण तेवढ्यात दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. धोंडू खाली आला होता. वर, त्या बर्फात, सुयोग होता. नुसता सुयोग.

"माताजी, ये कड़ा आपका है," दीवान म्हणत होता. "मैं तो अब ऊपर जाऊँगा नहीं। आप बोलो तो पार्सल कर दूँ? या कल यहाँ से एक आदमी ऊपर जा रहा है, उसके हाथ दे दूँ?"

'दे' हा शब्द तिच्या अगदी ओठावर आला. कल. उद्याच. परवा ते पुन्हा त्याच्या मनगटात असेल. फोनमध्ये कोणीतरी दीवानला हलू नका म्हणालं आणि त्याने दात आवळून श्वास घेतलेला तिला स्पष्ट ऐकू आला. पाय अजून बरा नव्हता. तो पुरता वाचला, असं अजून काही ठरलेलं नव्हतं.

"नहीं," रत्नप्रभा म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "किसी को नहीं देने का। तुम पहन के रखो। चलने लगेगा ना, तब तक उतारने का नहीं।"

"पर माताजी, धोंडू..."

"मैं बोली ना। तेरा आई को बताया?"



"डर जाएगी," तो म्हणाला. "नया नंबर है, वॉर्ड के भाई का।"

"अभी लगा। और सुन, बेटा। फोन उठाएगी ना, तो पहले घर का नाम बोलना। जो नाम से वो बुलाती है, वो। पीछे बाकी सब।"

"जी," दीवान म्हणाला. मग लहान आवाजात, "जी, माताजी।"

फोन ठेवल्यावर ती तशीच बसून राहिली. बाळा गुडघ्यांवर वाकून फरशीवरचे वाल गोळा करत होता, एकेक, सावकाश.

"बरो आसा मां तो?" त्याने वर न बघता विचारलं.

"बरा आहे. मित्राला लागलंय, तो पण बरा आहे." ती उठली. "धोंडूची साखळी त्या मित्राकडे आहे. मी म्हटलं, राहू दे."

बाळाचे हात थांबले. द्रौपदी त्याची आई होती. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

रत्नप्रभा देव्हाऱ्यापाशी गेली. मानसीने ते ब्रेसलेट परत लाल कापडाखालीच ठेवलं होतं. पट्टीला कुंकू लागलेलं होतं, ते तिने पदराने पुसलं. सुयोग बाळा पाताडे. पोर ड्यूटीवर परत गेल्यापासून पहिल्यांदा तिने ते नाव मोठ्याने वाचलं. मग डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या मागे सारल्या, साखळी मनगटाभोवती फिरवली आणि खटका दाबून बंद केला.

बाळा परात हातात धरून बघत होता.

"रत्ना," तो म्हणाला. त्याला आणखी काही बोलायचं होतं, पण तिचा चेहरा बघून त्याने शब्द बदलले. "ढगळ होता गो तुका."

"होऊ दे," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातली परात घेऊन उरलेले वाल सोलायला बसली.